दाराबाहेरची फुंकर

गोडादरा, सुरत
९ जानेवारी १९९७

सरलाबाई विहीणबाईंना कलाबाईचा रामराम.

माझं अक्षर बघून तुम्ही आधी पाकीट उलटं-सुलटं कराल, की हे आपल्याच नावाचं ना? तुमच्याच नावाचं आहे. प्लेगच्या सालापासून मी तुम्हाला ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे म्हणजे काहीतरी झालंय हे तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून आडवळण घेत नाही. आपल्या नातीला, चंचलला, दवाखान्यात ठेवलंय. पोरीची छाती भरली आहे. आपण डबा म्हणतो तो. इथले डॉक्टर न्युमोनिया म्हणतात. नाव काहीही द्या, बरगड्या आत ओढत श्वास घेते आणि नाकपुड्या चिमणीच्या पंखांसारख्या उडतात. तोंडावर ऑक्सिजनची टोपी लावली आहे. डोक्याच्या शिरेत सुई आहे, ती बघून छगन बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझा मुलगा म्हणजे माग चालवताना शेर, दवाखान्यात शेळी.

तुमची धनश्री तिच्यापाशी आत आहे. मुलगी धीराची आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, तुम्हाला लिहिते.

आता मुद्दा. तुम्ही येऊ नका.

वाचून पत्र फेकलंत तरी पुन्हा उचला आणि पुढचं वाचा. हा दवाखाना फक्त मुलांचा आहे, आणि आमच्या खोलीत सगळी खोकणारी, धापा टाकणारी पोरं आहेत. मागच्या महिन्यात एक पोरगं साध्या दम्याने आलं होतं. बरं होत आलं. त्याला बघायला मामा-मामी, आत्या, शेजारीण, सगळी जत्रा आली, त्यात एकीच्या कडेवर गोवर अंगात घेऊन आलेलं लेकरू. ते पोरगं दम्याने नाही गेलं, गोवराने गेलं. तेव्हापासून इथल्या ऊर्मिलासिस्टरने नियम केला आहे : एका पोराजवळ एकच माणूस. दारातल्या नळावर साबणाने हात धुतल्याशिवाय ते माणूसही आत नाही. खोकणारं माणूस तर नाहीच. सिस्टर व्याऱ्याकडची गामीत आदिवासी आहे. उंच, बोलायला कडक, आणि पोरांना सुई टोचताना स्वतःच डोळे मिटते.

तुमची फुंकर मला ठाऊक आहे. कानबाईच्या देव्हाऱ्यातला अंगारा कपाळाला लावून तुम्ही हनुवटीपासून वर तीनदा फुंकर घालता आणि किरकिरणारं पोर निवतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. चार गावांचे लोक तुमच्या ओट्यावर येतात. मी त्याला नावं ठेवत नाही. पण या खोलीत कोणाचाही श्वास दुसऱ्याच्या पोराच्या तोंडावर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलंय. अंगारा पाकिटातून पाठवा. मी तिच्या पाळण्याला बांधेन.

तेवढं करा. येऊ नका.

तुमची विहीण,
कलाबाई


१३ जानेवारी

विहीणबाई,

तुम्ही कालच्या पॅसेंजरने नरडाणा स्टेशनाला पोहोचला असाल. वाटेत काही खाल्लंत की नाही? तुमच्या गाठोड्यातल्या भाकरी तशाच माझ्यासमोर ठेवून तुम्ही गेलात. मी त्या नाकारल्या नाहीत, तुम्हीच ठेवून गेलात, हे लक्षात असू द्या.

काल जे झालं ते तुम्ही गावात तुमच्या तऱ्हेने सांगाल. माझ्या तऱ्हेने मी फक्त तुम्हालाच सांगते.

सिस्टरने मला दाराशी स्टूल टाकून दिलं आहे, कारण आपल्याकडची माणसं तिचं ऐकत नाहीत. "मावशी, तुम्हारे खानदेशवालों को तुम ही समझाओ," म्हणते. मी बसले होते आणि जिन्यावरून तुम्ही आलात. मागे तुमच्या दोन्ही जावा आणि दीर. भीती वाटली, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. एवढ्या रुसव्यानंतर तुम्ही माझ्या दाराशी, तेही नातीसाठी.

तुम्ही म्हणालात, "सरक व माय. मनी नात शे ती."

मी म्हणाले, "एकीलाच आत जाता येतं. धनश्री आत आहे."

"मंग तिले बाहेर काढ. मी जास."

"ती अंगावर पाजते. ती कशी बाहेर येईल?"

"मी काय पोरले खायी टाकसू का?"

आणि तेवढ्यात तुम्हाला खोकला आला. पदर तोंडाशी नेलात, तोंड फिरवलंत, पण खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं, "किती दिवस आहे हा?" तुम्ही म्हणालात गाडीत धूळ लागली. मी विचारलं गोपालला का नाही आणलं, तुमचा तो नातू तुमच्या पदराला बांधलेलाच असतो. तुम्ही म्हणालात त्याला थोडी सर्दी आहे. सिस्टर आतून आली आणि एकदाच बघून म्हणाली, "बा, उधरस छे? तो अंदर नहीं."

मग धनश्रीने काचेतून तुम्हाला बघितलं. "आई, ये ना. एकदा फुंकर घाल, मग जा. एकदाच." ती काचेवर हात ठेवून म्हणत होती, आणि तिचा शब्द न शब्द ऐकू येत होता. तुम्ही पदराच्या गाठीतून अंगारा काढला.

मी उठले नाही. स्टूलसुद्धा सरकवलं नाही.

विहीणबाई, तुम्ही मला जे बोललात ते मी झेललं. "पोरले काही व्हयनं ना कलाबाई, ते तुन्हा माथे." जिन्यावरची सगळी माणसं ऐकत होती. तुमचे दीर खाली मान घालून उभे होते, त्यांना माझा रामराम सांगा, त्यांची काही चूक नाही.

काही झालं तर माझ्या माथ्यावर. कबूल. तुम्ही न सांगताही ते तिथेच होतं.

कलाबाई


१७ जानेवारी

विहीणबाई,

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे. तुमच्याकडे केला असेलच, तरी.

इथे त्या दिवशी सगळी सुरत गच्चीवर होती, दवाखान्याच्या आवारात पतंग तुटून पडत होते. चंचलचं बरं आहे. धनश्री जेवते-खाते. काळजी करू नका. तुमच्या खोकल्याचं काय ते कळवा. कोरफडीचा गर मधातून घ्या.

कलाबाई


२४ जानेवारी

विहीणबाई,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या गावचा चिंधा, जो छगनच्याच खात्यात मागावर आहे, तो भाचीच्या लग्नाला निघाला आहे. त्याच्या हाती देते आहे. तो वाचून दाखवेल म्हणाला तर नको म्हणा, तुम्ही स्वतः वाचा. आणि उत्तर त्याच्याजवळच द्या. लिहायला नको असेल तर तोंडी सांगा, हो किंवा नाही, एवढंच हवं आहे.

आधी एक गोष्ट. मागच्या पत्रात मी चंचलचं बरं आहे लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही गेल्यावर पोरगी खालावली. संक्रांतीला तर डॉक्टर तिच्या पाळण्यापासून हलले नाहीत, नखं निळी पडली होती. आणि धनश्री जेवते-खाते हेही खोटं. ती माझ्या हातचं पाणी घेत नाही. छगनने आणलं तर दोन घास खाते. माझ्याशी बोलायचं झालं तर छगनला सांगते, "त्यांना म्हणावं दुपटी धुवायला न्या." मी समोर उभी असते. मी दुपटी धुवायला नेते. तिच्या जागी मी असते तर दुपटीही दिली नसती.

पण त्यानंतर चंचल सावरली. ऑक्सिजन काढला. परवा तिने माझ्याकडे बघून ओठ वाकडा केला, रडण्याआधी करते तसा, आणि मग रडलीच नाही. मला वाटलं सुटलो.

आता ऐका, का लिहिते ते.

चंचलच्या शेजारच्या खाटेवर योगराज म्हणून दीड-दोन वर्षांचा पोरगा आहे. त्याची आई कमल, कडोदऱ्याच्या लूमवाल्यांपैकी, धुळ्याकडची. गोड बाई आहे, धनश्रीला तिनेच सांभाळलं. तो पोरगा बरा होऊन घरी जायचा होता. कालपासून खोकतो आहे. साधा खोकला नव्हे. एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत नाही, तोंड जांभळं होतं, मग शेवटी हूऽप करून श्वास ओढतो आणि ओकतो. डॉक्टरांनी एकदाच ऐकलं. इथे त्याला उटांटियो म्हणतात. आपण डांग्या म्हणतो.

सिस्टरने तासाभरात सगळं हलवलं. योगराजला टोकाच्या खोलीत नेलं. खाटा लांब केल्या. पाळणे, नळ्या, ऑक्सिजनच्या टोप्या, सगळं औषधाच्या पाण्यात. आमच्या रांगेतल्या सगळ्या पोरांना आणि आयांना औषध सुरू केलं. आणि डॉक्टर एकेकीला विचारत सुटले की हा डांग्या आत आला कुठून. दारातून तर खोकणारं कोणी गेलं नव्हतं, मी बसले होते ना दारात! मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या दारातून नाही.

मग कमल रडायला लागली.

विहीणबाई, त्या दिवशी तुम्ही रागाने जिना उतरलात, ते मी पाहिलं. खाली व्हरांड्यात तुम्ही बसलात, ते मला दिसलं नाही. कमलने ऐकलं होतं की बोरखेडीच्या सरलाबाई आल्या आहेत, ज्यांची फुंकर लागते. तिने पोराला दुपट्यात गुंडाळलं, मला म्हणाली याला ऊन दाखवून आणते. मी म्हणाले जा गं, कोवळं ऊन आहे. तिने त्याला खाली नेऊन तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही अंगारा लावला आणि तीनदा फुंकर घातली. मग तिने त्याला परत वर आणलं, आणि दारात माझ्यासमोर साबणाने हात धुतले. अगदी कोपरापर्यंत धुतले.

मी कोणाला काय बोलू? तुम्ही मायेनेच घातली. तिने मायेनेच आणलं. आणि आता चंचल त्या खाटेशेजारी होती एवढे दिवस. तिची त्रिगुणीची एक टोचणी राहिलेली आहे. तिला आत्ताशी कुठे श्वास पुरायला लागला आहे. डांग्या लागला तर काय, असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसतात.

म्हणून विचारते. तुमचा खोकला अजून आहे का? आणि गोपालला नुसती सर्दीच होती का, की तो असाच खोकतो? हूऽप करतो का? ओकतो का? डॉक्टरांना हे कळायला हवं, म्हणजे औषध किती दिवस आणि कोणाकोणाला द्यायचं ते ठरेल. लाजू नका, लपवू नका. मी कोणाला नाव सांगितलेलं नाही. कमलनेही नाही.

हो की नाही. चिंधाजवळ.

कलाबाई


२९ जानेवारी

सरलाबाई,

चिंधा परत आला. रिकाम्या हाताने.

म्हणाला, तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत, चोळीत खुपसलंत आणि त्याच्याकडे पाठ करून ज्वारी पाखडायला बसलात. त्याने तीनदा विचारलं, "मावशी, काय सांगू?" तुम्ही म्हणालात, "तिले सांग, दारमा बसाले मोठी हुशार शे ती."

बरं. हुशार तर हुशार. पण चिंधाला डोळे आहेत. त्याने जे पाहिलं ते त्याने मला सांगितलं आणि मी डॉक्टरांना सांगितलं. त्याने पाहिलं की गोपाल ओसरीवर तुमच्या पायाशी होता आणि खोकता खोकता त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. सुनेने त्याला वाकवून धरलं होतं आणि तो ओकला. पोराचे डोळे रक्ताळले आहेत म्हणाला. आणि त्याने पाहिलं की ओट्यावर तीन बाया आपापली तान्ही पोरं घेऊन बसल्या होत्या. तुमची फुंकर घ्यायला. तुम्ही ज्वारीचं सूप खाली ठेवलंत, हात झटकलेत आणि पहिलीचं पोर मांडीवर घेतलंत.

सरलाबाई, काय करता आहात तुम्ही!

आज सकाळी चंचल खोकली. दोनदा. लोक म्हणतील साधं आहे, पोर खोकतंच. धनश्रीने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आत्याबाई, हा माझ्या आईचा खोकला आहे का?"

मी म्हणाले, "माहीत नाही बाळा."

हे तिला कोणी सांगितलं? कमलने सांगितलं. मी नाही. कमल टोकाच्या खोलीत योगराजला मांडीवर उपडा घालून बसलेली असते, रात्रंदिवस. त्याला झटका आला की पोरगं तिच्याकडे बघतं, की तू का नाही थांबवत. ती मला म्हणते, "मावशी, मी त्याला चालत्या बोलत्याला खाली घेऊन गेले."

प्लेगच्या साली आम्ही सुरतेतून पळून तुमच्या गावी आलो, तेव्हा तुम्ही आम्हाला घरात घेतलं नाही. खळ्यातल्या पडवीत ठेवलंत, भाकरी बांधावर ठेवून लांब जायचात आणि तिथून ओरडायचात, "जेवी ल्या!" नवी विहीण मी, मला बांधावरून जेवण. मी रुसले. तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला आले नाही, बारशाला आले नाही. तो रुसवा मी काही सोडलेला नाही, सांगून ठेवते. पण तुमच्या ओट्यावरच्या बायांना तुम्ही तेव्हा म्हणाला होतात ना, "मना घरमा लेकरं शेतस, मी कोनाले येऊ देवाव नही"? आता त्याच ओट्यावर लेकरं आहेत. तेव्हा तुम्हाला भीती कुठे बसते ते बरोबर कळत होतं, कारण ती सुरतेहून येत होती. आता ती तुमच्याच छातीत आहे म्हणून दिसत नाही?

तुमच्या हाताला गुण आहे की नाही यावर मी वाद घालत नाही. असेल. पण फुंकर ज्या छातीतून येते ती छाती आज आजारी आहे. आजारी गाईचं दूध आपण वासरालासुद्धा पिऊ देत नाही.

तीन गोष्टी करा आणि मग मला जन्मभर शिव्या घाला. ओटा बंद करा. गोपालला आणि स्वतःला शिंदखेड्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, डांग्या म्हणून सांगा. आणि ज्या ज्या पोरावर फुंकर घातलीत त्यांच्या घरी जाऊन, अंगणातूनच, त्यांना सांगा. हे तिसरं सगळ्यांत अवघड आहे, मला कळतं. चार गावांत तुमचं नाव आहे. पण तुम्हीच सांगितलंत तर ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील, विहिणींचं भांडण आहे.

हे पत्र चिंधाचा भाऊ घेऊन येतो आहे. उत्तर नको. करा.

कलाबाई


३ फेब्रुवारी

विहीणबाई,

चिंधाच्या भावाकडून कळलं. सगळं नाही कळलं, पण तुम्ही ओट्यावर आडवी खाट टाकली आहे आणि शिंदखेड्याला जाऊन आलात, एवढं कळलं. आणि घरोघर गेलात. एका घरी तुम्हाला दगड मारला म्हणतात. लागला का?

इथलं : चंचलचा खोकला वाढलेला नाही, कमीही नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ कान लावून ऐकतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. आम्ही सगळ्याजणी ऐकतो. धनश्री आणि मी एकाच वेळी श्वास रोखून बसतो, आणि मग दोघींनाही धाप लागते. योगराजला काल इतका मोठा झटका आला की सिस्टर पळत गेली. परत आली तेव्हा तिने हात धुतले आणि बराच वेळ धूतच राहिली.

धनश्रीने आज माझ्या हातचा चहा घेतला. निम्मा टाकला, फार गोड आहे म्हणून.

कलाबाई


१३ फेब्रुवारी

विहीणबाई,

परवा तुम्ही येऊन गेलात, आणि खालूनच गेलात. तुम्ही खाली होतात तेव्हा वर काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही आवारात आलात हे पहिल्यांदा सिस्टरने बघितलं. मी दारात होते. ती म्हणाली, "मावशी, वो दूसरी मावशी आई है. मुँह पे कपड़ा बाँध के." मी खिडकीशी गेले. तुम्ही पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होतात, एकट्या. जावा नाहीत, दीर नाहीत, गाठोडं नाही. तोंडाला फडकं. पहिल्यांदा मी तुम्हाला ओळखलंच नाही, इतक्या वाळलात.

तुम्ही वर पाठवलेल्या शिंदखेड्याच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरून डॉक्टरांनी सांगितलं की तुमचं औषध पुरं झालं आहे, आता तुमच्यापासून लागण व्हायची नाही, वर यायला हरकत नाही. सिस्टर स्वतः तुम्हाला बोलवायला खाली आली. वरून मला तुमची मान हललेली दिसली. सिस्टर वर येऊन म्हणाली, "ना पाडे छे. कहती है, खाँसी अभी बाकी है. नहीं आऊँगी." मग म्हणाली, "ऐसा पहली बार हुआ, मावशी. बुलाने गई और कोई नहीं आया." आणि हसली. ती हसते हे मला माहीत नव्हतं.

मी धनश्रीला म्हणाले, आई आली आहे. ती उठली, चंचलला घेतलं आणि बंद खिडकीच्या काचेशी उभी राहिली. मी तिच्या मागे होते. चंचलला टोपडं आवडत नाही, ते तिने ओढून काढलं. तुम्ही वर बघितलंत.

तुम्ही हात वर केला नाही, हाक मारली नाही. तुम्ही नुसतं बघत राहिलात, आणि मग तुमची मान थोडी मागे गेली, हनुवटी वर आली. मला वाटलं खोकला आला. पण खोकला नव्हता. तुमच्या तोंडावरचं फडकं फुगलं आणि बसलं. पुन्हा फुगलं आणि बसलं. तिसऱ्यांदा धनश्रीने चंचलचं कपाळ काचेला टेकवलं.

ती रडली नाही. मी रडले, आणि तिने मला तिचा पदर दिला.

त्यानंतर कमल खाली आली ते मी बघितलं. ती तुमच्यासमोर कितीतरी वेळ उभी होती. मी खिडकीपासून बाजूला झाले. ती काय बोलली, तुम्ही काय बोललात, हे मी तिला विचारलेलं नाही, तुम्हालाही विचारत नाही. योगराज अजून टोकाच्या खोलीतच आहे. झटके येतात, पण मध्ये मध्ये पोरगं हसतं, आणि काल त्याने पेजेची अख्खी वाटी पोटात ठेवली, ओकला नाही. कमलने सगळ्या मजल्यावर सांगितलं.

आणि चंचल घरी आली आहे. काल दुपारी आणली. डॉक्टर म्हणाले डांग्याने तिला बोट लावलं होतं, पण औषध आधी पोहोचलं. खोकला राहील महिना-दोन महिने. घरात कोणाला आणायचं नाही, कडेवर फिरवायचं नाही, गोडादऱ्यातल्या शेजारणींना दारातूनच पोर दाखवायचं. शेजारणी म्हणतात, कलाबाई दवाखान्यात सासू होऊन गेली आणि सिस्टर होऊन आली.

आता एक अडचण आहे, ती तुमच्याशीच बोलायची. चंचलचं जावळ काढायला आलं. पुढच्या महिन्यात काढायचं छगनने धरलं होतं, न्हाव्यालाही सांगून ठेवलं होतं. जावळ मामाच्या मांडीवर निघतं, आणि मामाच्या घरी डांग्या आहे. छगनचा एक चुलतभाऊ इथेच कतारगामला असतो, तो म्हणाला, मी बसतो मामा म्हणून, मांडीच तर लागते. छगनला पटलं. मला वाटलं धनश्रीलाही पटेल, पोर आहे, उरकलं म्हणजे झालं.

धनश्री भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. गोपालचा आणि आईचा खोकला जाऊ दे. जावळ थांबेल."

छगन म्हणाला, "पण केस डोळ्यांवर यायला लागले तिच्या."

"यू देत," ती म्हणाली. "आत्याबाई वेणी घालतील."

तर मी शेंडीला लाल लोकर बांधली आहे. पोरगी ओढते, मी पुन्हा बांधते. तुमच्या लेकाला सांगा, घाई नाही. आणि गोपालला खारीक उगाळून द्या, पोर झडलं असेल.

तुमची,
कलाबाई